डॅरेल हेअर: नियम पाठ, पुरावा कमी

मंडळी, गोल्फ क्लब मैदानावर पंच म्हणून उभे राहणारे बरेच जण आज समोर आहेत. म्हणून ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट पंच डॅरेल हेअर चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. त्याने काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, तेवढे पाहू.

मेलबर्न, 26 डिसेंबर 1995. श्रीलंकेचा गोलंदाज मुरलीधरन याला हेअरने फेकीबद्दल, म्हणजे चेंडू टाकताना वाकलेले कोपर सरळ केल्याबद्दल, तीन षटकांत सात नो-बॉल दिले, तेही गोलंदाजाच्या टोकाकडून. दोघांपैकी कोणताही पंच तो देऊ शकत होता, पण कोपर सरळ होते का, हे स्क्वेअर लेगवरून जास्त नीट दिसते. कर्णधार रणतुंगाने मुरलीचे टोक बदलले. तिकडे दुसरे पंच स्टीव्ह डन होते; मुरली टाकत राहिला, फेकीचा एकही नो-बॉल नाही. एकाच हाताला एकाच दिवशी दोन न्याय! त्याचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही आणि नुसता डोळा इथेच फसतो. कोपर किती सरळ झालेले चालते, याची 15 अंशांची मर्यादा पुढे 2005 मध्ये आली.

आता ओव्हल, 20 ऑगस्ट 2006, इंग्लंड-पाकिस्तान कसोटीचा चौथा दिवस. हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी चेंडू पाहिला, तो मुद्दाम खराब केल्याचे ठरवले, इंग्लंडला पाच धावा दिल्या आणि चेंडू बदलला. इथपर्यंत नियमाप्रमाणेच. कोणी कुरतडला हे पंचांनी सांगायलाच हवे असे नाही. पण चेंडू फळ्यांवर आपटून, खडबडीत खेळपट्टीवर घासूनही चिरतो. करताना कोणी दिसलेच नसेल, तर नुसत्या ओरखड्यांवर आरोप उभा राहत नाही. सुनावणीत आयसीसीचे सामनाधिकारी रंजन मदुगले यांनी तेच म्हटले: ओरखडे पुरेसे नाहीत. पाकिस्तानचा कर्णधार इंझमाम त्या आरोपातून सुटला, खेळाची बदनामी केल्याबद्दल मात्र चार एकदिवसीय सामने बाहेर बसला.

त्या दिवशी आरोपाच्या निषेधात चहापानानंतर पाकिस्तानचा संघ उतरलाच नाही. अशा वेळी पायऱ्या ठरलेल्या आहेत: दोन्ही पंचांनी मिळून कारण विचारायचे, हा खेळण्यास नकार आहे असे ठरल्यास कर्णधाराला सांगायचे, तरीही तो अडून राहिला तरच सामना समोरच्या संघाला द्यायचा. पंच पुन्हा बाहेर आले, बेल्स काढल्या, सामना इंग्लंडला. कसोटीत असे प्रथमच घडले. नंतर पाकिस्तानचा संघ मैदानात आला, पंच आले नाहीत. इंग्लंड 4 बाद 298, म्हणजे अजून 33 धावांनी मागे होते, हे विसरू नका.

पुढे हेअरने स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला. राजीनाम्याच्या बदल्यात पाच लाख डॉलर मागणारा त्याचा ईमेल बाहेर आला. त्याला मोठ्या संघांच्या सामन्यांतून काढले. 2008 मध्ये तो परतला, दोन कसोटी केल्या आणि 78 कसोटींवर थांबला.

निकालाचे काय? जुलै 2008 मध्ये आयसीसीने तो अनिर्णित केला. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने हरकत घेतली, कारण लागलेला निकाल नंतर बदलता येत नाही, असे नियमच सांगतात. फेब्रुवारी 2009 मध्ये सामना पुन्हा इंग्लंडच्या नावे लागला.