बोट बटणावर, यान जागेवर

[काळा पडदा. मधोमध एक छोटं पांढरं यान.]

उजव्या बाणाचं बटण दाबलंय. बोट उचललेलं नाही. यान एक पाऊल सरकतं आणि थांबतं. मग एकदम धावत सुटतं, तेही गचके खात.

पुन्हा एकदा बघा, सावकाश. पहिलं पाऊल लगेच पडलं. त्यानंतर जवळजवळ अर्धा सेकंद काहीच नाही.

गेम लिहायला शिकणारे बरेच जण इथे अडकतात. मशीन जुनं आहे, ब्राउझर मंद आहे, कोड जड झालाय, असे तर्क सुरू होतात. पण इथे मंद काहीच नाही. यंत्र अगदी वेळेवर काम करतंय, फक्त ते काम टायपिंगचं आहे.

[रिकामं पान. एक बोट ‘घ’ दाबून धरतं.]

एक ‘घ’ उमटला. थोडी उसंत. आणि मग घघघघघ, अशी रांग. मधली ती उसंत मुद्दाम ठेवलेली आहे. लिहिणाऱ्याचं बोट बटणावर क्षणभर रेंगाळतंच. ही सवड नसती, तर ‘घर’ लिहायला गेलं की ‘घघघर’ झालं असतं. आयबीएमचा पीसी एटी हा संगणक १९८४ मध्ये आला. त्या घराण्याच्या कीबोर्डांत ठरलेला हिशेब असा: आधी ५०० मिलिसेकंद थांबायचं, मग सेकंदाला साधारण ११ अक्षरं पाठवायची. तेव्हा ही मोजणी कीबोर्ड स्वतः करायचा. आजच्या यूएसबी कीबोर्डबाबतीत ती ऑपरेटिंग सिस्टीम करते. विंडोजमध्ये ही उसंत पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत बदलताही येते.

आता यानाकडे परत येऊ. त्याचा कोड असा, की बटणाची वर्दी आली की यान एक पाऊल सरकवायचं. स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं काढली जातायत आणि यान हलतंय फक्त ११ वेळा. म्हणजे पाच-सहा चित्रांत ते जागचं हलत नाही, मग एकदम उडी मारतं. डोळ्यांना जाणवणारा गचका तो हाच.

याहून त्रासदायक दुसरी गोष्ट आहे. उजवा बाण धरून ठेवा आणि गोळी झाडायला स्पेसबार दाबा. यान जागीच थांबतं! कारण सिस्टीम फक्त शेवटी दाबलेल्या बटणाची पुनरावृत्ती करते. टायपिंगसाठी ते बरोबरच आहे, एका वेळी दोन अक्षरांची रांग कुणाला हवी असते? पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने नेमक्या लढाईच्या क्षणी यानाचं इंजिन बंद पडलं.

[शाळेचा हजेरीपट. नावांपुढे उभ्या-आडव्या खुणा.]

उपाय समजायला हा हजेरीपट पुरेसा आहे. बटण दाबल्याची वर्दी आली की त्याच्या नावापुढे ‘हजर’ लिहायचं. बटण सुटल्याची वर्दी आली की ‘गैरहजर’. मधल्या सगळ्या घघघकडे लक्षच द्यायचं नाही. आणि यान हलवायचं काम वर्दी येईल तिथे करायचं नाही. ते गेमच्या सतत फिरणाऱ्या मुख्य लूपमध्ये, दर फ्रेमला म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला एकदा, पट उघडून करायचं: उजवा बाण हजर आहे का? स्पेसबार हजर आहे का? बाण आणि स्पेसबार एकाच वेळी हजर राहू शकतात, आणि अर्ध्या सेकंदाची उसंत तर आपोआप निघून जाते.

कोडमध्ये हा बदल जेमतेम दहा ओळींचा. मला मात्र गेम प्रोग्रॅमिंगमधली ही सर्वात मोलाची समज वाटते. कारण इथे प्रश्नच बदलतो. ‘कोणतं अक्षर आलं?’ हा प्रश्न मागे पडतो, आणि ‘आत्ता बोट कुठे आहे?’ हा प्रश्न पुढे येतो.

हा पट सांभाळावा मात्र लागतो. बाण धरलेला असताना कुणी आल्ट-टॅब करून दुसऱ्या विंडोत गेलं, तर बटण सुटल्याची वर्दी आपल्या गेमला मिळतच नाही. परत येऊन बघावं तर यान आपोआप उजवीकडे चाललेलं. म्हणून विंडोवरचं लक्ष सुटलं की सगळा पट कोरा करायचा. दुसरी अडचण चपळ बोटांची. एखादं बटण दोन फ्रेमच्या मधल्या १७ मिलिसेकंदांतच दाबून सुटलं, तर पट उघडेपर्यंत ते पुन्हा ‘गैरहजर’ झालेलं असतं. उडी मारली होती, पण गेमने पाहिलीच नाही. त्यासाठी पटात आणखी एक रकाना हवा, ‘मागच्या फ्रेमपासून दाबलं गेलं का?’, आणि तो प्रत्येक फ्रेमच्या शेवटी पुसायचा.

[यान आता एकसंध सरकतंय. कॅमेरा जवळ जातो.]

बोटांचं ऐकलं गेलं. आता चालीकडे बघू.

पायथन भाषेत गेम लिहायला पायगेम ही तयार साधनं वापरणाऱ्यांना भेटणारा एक बग फार बोलका आहे. यानाचा वेग ठेवला, दर फ्रेमला अर्धा पिक्सेल. डावीकडे यान चालतं, उजवीकडे हलतच नाही. बाण तपासले, पट तपासला, सगळं बरोबर. गडबड असते ती जागा साठवण्यात. पायगेममधला नेहमीचा रेक्ट, म्हणजे चौकट, जागा पूर्णांकातच ठेवतो. १०० मध्ये अर्धा मिळवला की १००.५, अपूर्णांक कापला की पुन्हा १००. १०० मधून अर्धा वजा केला की ९९.५, आणि कापला की ९९. उजवीकडे शून्य, डावीकडे पूर्ण एक.

म्हणून खरी जागा दशांशात वेगळी ठेवायची आणि फक्त चित्र काढताना ती जवळच्या पूर्णांकात आणायची. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स या गेममध्ये हेच तत्त्व आहे. तो गेम ज्या यंत्रावर चालायचा, त्याच्या ८-बिट प्रोसेसरला दशांश अपूर्णांक येत नव्हते, तरी मारिओचा वेग पिक्सेलच्या सोळाव्या भागात मोजला जातो. तो हळूहळू वेग घेतो आणि थांबताना घसरतो, ते या बारीक मोजमापामुळेच शक्य झालं.

मग येतो वेळेचा प्रश्न. दर फ्रेमला चार पिक्सेल, असं लिहिलं तर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर यान सेकंदाला २४० पिक्सेल जातं, आणि १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ५७६. तोच कोड, वेग दुपटीहून जास्त. म्हणून वेग सेकंदाच्या मापात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणायचा. तरीही एक धोका उरतो. मध्येच मशीन अर्धा सेकंद अडकलं, तर पुढच्या फ्रेमला यान एकदम १२० पिक्सेल उडी मारतं, कदाचित भिंतीच्या पलीकडे. मोठ्या गेममध्ये म्हणूनच गणित ठरावीक पावलांनी करतात, समजा सेकंदाच्या साठाव्या भागाचं एक पाऊल, आणि चित्र मात्र मागच्या व आताच्या पावलाच्या दरम्यान जिथे यान असायला हवं तिथे काढतात. यात यान पडद्यावर पाऊलभर उशिरा दिसतं. मला हा सौदा मान्य आहे, कारण डोळा तेवढा उशीर सहज सोसतो, गचका सोसत नाही.

तिरप्या चालीचंही लक्षात असू द्या. उजवा आणि वरचा बाण एकत्र धरला की वेग १.४१ पट होतो. दोन्ही दिशांच्या वेगांना ०.७०७ ने गुणलं की झालं.

[जुन्या संगणकाचं रेखाचित्र. पुढच्या बाजूला स्विचांच्या रांगा.]

दुसऱ्याच कामासाठी घडलेलं साधन खेळात वापरायचं, ही अडचण व्हिडिओ गेमइतकीच जुनी आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा गेम तयार झाला. सुरुवातीला यानं चालवायची ती संगणकाच्याच पुढच्या स्विचांनी. खेळता खेळता कोपरं दुखायला लागायची. शेवटी अॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात मावतील असे वेगळे नियंत्रक बनवले.

आपल्याकडे तो पर्याय नेहमी नसतो. एकच कीबोर्ड, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, दोघांची दोन यानं. अशा वेळी साध्या कीबोर्डच्या आतली जाळी आड येते. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या छेदांवर बसवलेली असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकत्र दाबली की चौथंही दाबल्यासारखं वाटतं. ही चूक टाळायला बरेच कीबोर्ड तिसरं बटण सरळ नाकारतात, आणि मग कोडमधला पट कितीही नीट असला तरी ती वर्दी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

शिफ्ट आणि कंट्रोलला हा त्रास सहसा होत नाही, कारण इतर बटणांबरोबर दाबता यावीत म्हणूनच ती असतात. गोळीसाठी ती चांगली. फक्त विंडोजवर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज (शिफ्टसारखं बटण धरून न ठेवता वापरायची सोय) सुरू करायची का, अशी विचारणा समोर येते, म्हणून भराभर झाडायच्या गोळीला कंट्रोल बरं.

[दोन यानं, दोन्ही एकाच वेळी हलतायत. कीबोर्डवर चार लहान हात.]