परवान्याची परीक्षा: वाचणं कमी, आठवणं जास्त

नमस्कार, श्रोतेहो. डॉक्टरकीच्या परवान्यासाठी परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांशी आज बोलायचं आहे.

आजवर तुम्ही विषयवार पेपर दिलेत. शरीररचनाशास्त्राच्या पेपरला शरीररचनाच विचारणार, हे आधीच ठाऊक असायचं. इथे तसं नसतं. इथे समोर येतो तो रुग्ण. अपघातानंतर आणलेला तरुण, श्वास घेता येत नाही, रक्तदाब घसरलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, छातीच्या एका बाजूला स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येत नाही. लगेच काय कराल? पर्यायांत छातीचा एक्स-रे असतोच. टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबलं जाणं, हे अचूक ओळखूनही कितीतरी हुशार मुलं तिथेच फसतात. कोंडलेली हवा आधी सुईनं बाहेर काढायची असते, कारण एक्स-रेची वाट बघता बघता रुग्ण दगावू शकतो. या माणसाच्या हाती रुग्ण सोपवावा का, हेच ही परीक्षा तपासते.

म्हणून आग्रहानं सांगतो, प्रश्न सोडवायला पहिल्या दिवसापासून लागा. ‘आधी सगळं वाचून संपवतो, मग प्रश्नांकडे वळतो’ म्हणणाऱ्यांचं वाचन कधी संपतच नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. पान ओळखीचं वाटलं की ते आपल्याला येतं असं वाटू लागतं, आणि घात होतो तो इथेच.

चुकलेल्या प्रश्नावर बरोबर प्रश्नापेक्षा जास्त वेळ द्या. चुकांची वही ठेवा, पण तीत नुसतं उत्तर उतरवू नका, का चुकलं ते लिहा. माहीतच नव्हतं? मग तेवढा भाग वाचा. माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही? मग तोच मुद्दा उद्या, आठवड्यानं, महिन्यानं स्वतःला पुन्हा विचारा. आणि ‘आधी काय कराल’ असं विचारलं असताना ‘निदान कशानं पक्कं होईल’ याचं उत्तर दिलं असेल, तर आणखी वाचून काही उपयोग नाही. तिथे प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावावी लागते.

वॉर्ड मात्र सोडू नका. तिथे तपासलेला रुग्ण परीक्षेत हमखास आठवतो.

शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण वेळेच्या सराव परीक्षा द्या, त्याही खऱ्या परीक्षेच्याच वेळी आणि मध्ये फोन न बघता. आदल्या रात्री जागू नका. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, आणि सकाळी तासन्‌तास नीट वाचायचं आहे.