चरबी काढू नका!

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मीठ, वारा आणि मांडी’. ‘मांडी’वर आयोजकांची हरकत होती. पण इटलीतलं प्रोशुत्तो म्हणजे डुकराची मागची मांडीच, त्याला मी काय करणार? पहिल्या रांगेतल्या शाकाहारी मंडळींच्या धैर्याला मात्र माझा नमस्कार.

आधी माझी फजिती सांगतो. पार्मातली एक छोटी खाणावळ. मी प्रोशुत्तो ‘क्रूदो’ मागवलं. क्रूदो म्हणजे कच्चं, शिजवलेलं ते ‘कोत्तो’. कच्चं म्हटल्यावर पोटात गोळा आला होताच. समोर आल्या गुलाबी चकत्या, इतक्या पातळ की खालच्या बशीची नक्षी दिसावी. कडेला पांढरी चरबी. मी आपला सुरीकाट्याने ती चरबी सोलून बशीच्या काठावर नीट रचत बसलो. मटण साफ करण्याचे घरचे संस्कार, दुसरं काय! मालकीणबाई आल्या, त्या ढिगाकडे पाहिलं आणि विचारलं, बरं नाहीये का? (माझं इटालियन सात शब्दांचं, पण चेहरा कळतो हो.) मग त्यांनी एक गरम तोर्ता फ्रित्ता उचलली. ही मैद्याची चौकोनी पुरीच, तीही जुन्या रीतीने डुकराच्या चरबीत तळलेली. शेजारच्या मोदेनात तिलाच ञोको फ्रित्तो म्हणतात. गावागणिक नाव बदलायचं, हे आपल्याला काय नवीन? तर त्या पुरीवर बाईंनी माझी टाकलेली चरबी ठेवली. बघता बघता ती काचेसारखी झाली. खाल्ली. आधी गोडसर, मग बदामासारखी, मीठ सगळ्यात शेवटी. त्या दिवसापासून कुणी चरबी सोलताना दिसलं की मी भांडतो. लग्नातही भांडलोय.

आणि ते प्रोशुत्तो तव्यावर परतणारे! अहो, पिझ्झावरसुद्धा ते भट्टीतून काढल्यावर घालतात...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

प्रोशुत्तो या नावातच सुकवणं आहे. पार्माच्या दक्षिणेला लांगिरानोच्या टेकड्या. तिथे मांडीला लावायचं फक्त समुद्राचं मीठ. कातडीवर ओलं, मांसावर कोरडं. मग थंडीत ठेवायची, धुवायची, उंच खिडक्यांच्या खोल्यांत टांगायची. वारा पाणी ओढून घेतो, आणि पाणी नाही म्हटल्यावर जंतूंचं काही चालत नाही. उघड्या मांसाला चरबी आणि तांदळाच्या पिठाचा लेप. आपण बरणीत लोणच्यावर तेल ठेवतो, त्यातलाच प्रकार. शेवटी घोड्याच्या हाडाची सुई पाच ठिकाणी खुपसून हुंगतात. हाड सच्छिद्र, वास चटकन धरतं, चटकन सोडतं. हुंगणाऱ्याचं समाधान झालं तर कातडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा शिक्का डागतात. हा मुकुट ज्यांचा, तो उत्पादकांचा संघ 1963चा. या सगळ्याला आता किमान 14 महिने लागतात. आणि ही डुकरं पार्मेजान चीजच्या निवळीवर पोसलेली, म्हणजे चरबी फेकलीत तर ते चीजही फेकलंत!

सान दानिएले, म्हणजे प्रोशुत्तोसाठी नावाजलेलं इटलीतलं दुसरं गाव, राहिलंच. तिथे मांडी खुरासकट, आकार गिटारचा. त्याची अर्ध्या तासाची टिपणं खिशात आहेत. ज्यांना हवं त्यांनी बाहेर चहापाशी गाठा.