बाकडं, काठी आणि परातभर मीठ

(सकाळ. मिठागर.)

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं मिठागर. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरता फिरता ते उन्हाने आटतं आणि तळाशी मीठ धरतं. मग ते लाकडी फळीने ओढायचं आणि बांधावर त्याच्या राशी घालायच्या.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. पुढच्याच महिन्यात इथे, शिरोड्यात, सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा याच गावात शिक्षक होते.

(वर्ग. मुलं बाकं सरकवतायत.)

मिठागरापासून थोड्याच अंतरावरची ही शाळा. वर्ग आठवीचा आणि धडा सविनय कायदेभंगाचा. फळ्यावर एकच शब्द लिहिलाय: मीठ. बाकी सगळी बाकं भिंतीला लावलीत आणि मधोमध एकच बाकडं ठेवलंय.

ते बाकडं दशावतारातून, कोकणातल्या लोकनाट्यातून आलंय.

(रात्र. देवळासमोरचा मांड. हार्मोनियम, मृदंग, झांज.)

जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकात मांडावर एवढंच सामान असतं. राजा बसला की तेच बाकडं सिंहासन होतं, कुणी आडवं झालं की पलंग होतो, कुणी वर चढलं की डोंगर होतो. आधी गणपती, सरस्वती आणि शंखासुर येऊन जातात, मग आख्यान लागतं. या आख्यानाची लिहिलेली संहिता नसते. कथा कुठली आणि कोण कुठलं पात्र करणार, हे रंगपटात ठरतं. प्रवेशांचा क्रम ठरतो. संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्या उभ्या बोलायचे. तोंडाला रंग लावता लावता नट मनातल्या मनात पुराण चाळत असतात, कारण समोरचा काय विचारील याचा नेम नाही.

(रंगपट. आरशात बघून स्वतःच्या भुवया रेखणारा नट.)

या वर्गातल्या बाई लहानपणापासून दशावतार बघत आल्या. वर्गात त्यांनी उचलली ती हीच रीत. आपल्याकडे शाळेतलं नाटक म्हटलं की स्नेहसंमेलन आठवतं. भाड्याचे कपडे, पाठ केलेली वाक्यं, चार हुशार मुलं स्टेजवर आणि उरलेला वर्ग सतरंजीवर. पाठ केलेलं वाक्य विसरलं की ते मूल सगळ्यांसमोर गप्प उभं राहतं. इथे विसरण्यासारखं काही नाही, पण माहिती नसेल तर बोलण्यासारखंही काही नाही. म्हणून मुलं आदल्या दिवशी धडा वाचून येतात. कुणी आजोबांना विचारून येतं, कुणी मिठागरावर जाऊन येतं.

(पत्र्याची ट्रंक उघडते. जुनी लुगडी, पुठ्ठ्याची टोपी, काठी.)

आज ठरवाठरवीला पंधरा मिनिटं लागली. सत्याग्रही कोण, मिठागरातले मजूर कोण, शिपाई कोण. वर्गातल्या कुणालाही नुसतं बघत बसायची मुभा नाही. पात्र नसेल त्याने समुद्र व्हायचं. तेही सोपं नाही, भरती कधी आणि ओहोटी कधी, ते बरोबर दाखवावं लागतं.

(परातीत जाडं मीठ.)

हे मीठ शेजारच्याच मिठागरातलं. शाळेच्या स्वयंपाकघरातून आणलंय.

बाई खांद्यावर उपरणं टाकतात आणि मीठ खात्याचे साहेब होतात. आवाजच बदलतो. "कर भरलास? पावती दाखव."

परातीजवळचा मुलगा थोडा थांबतो, मग म्हणतो, "दर्या काय सरकारचो?"

हे पुस्तकात नाही. परवान्याशिवाय मीठ करणं आणि उचलणं हा गुन्हा होता, एवढं त्याने वाचलं होतं. त्या कायद्याला जाब विचारणारा प्रश्न मात्र त्याला बाकड्यासमोर उभं राहिल्यावरच सुचला.

(पुठ्ठ्याची टोपी घातलेली मुलगी. हातात काठी.)

ही शिपाई. सत्याग्रही ओळीने पुढे येतायत. तिने काठी उचलली आहे. ती मान वळवून विचारते, "बाई, मी ह्येका मारू काय?"

बाई गप्प.

(काठी हवेत. समुद्र झालेली मुलं हलायची थांबलीत.)

ही रीत शिक्षणात नवी नाही. भावनगरच्या बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी पाठांतराशिवाय मुलांकडून नाटकं करून घेतली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक शिक्षण, म्हणजे कलेतून विषय शिकवणं, हा शब्द आलाय. मागच्या वर्षी या धड्यावरची मुलांची उत्तरं लांबलचक आली होती, असं बाई सांगतात.

(परत वर्ग. बाकड्यावर शिपाई मुलगी एकटी.)

आता ती प्रश्नांच्या खुर्चीवर. टोपी अजून डोक्यावरच. वर्ग विचारतोय आणि ती शिपाई म्हणूनच उत्तर देतेय.

"तुझं घर कुठं?"

"हयच. ह्याच गावात."

"मग ह्यां मीठ तुझ्या घरात लागत नाय?"

"लागता."

"तरी काठी उचललंस?"

ती टोपी काढून मांडीवर ठेवते. उत्तर द्यायला ती बराच वेळ घेते आणि बाई तो वेळ देतात. कॅमेराही आम्ही तिथेच ठेवला.

(दार. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, हातात रिकामी वाटी.)

आमटी चुलीवर आहे आणि मीठ इथे आहे.

शिपाई मुलगी उठते, परात उचलते. थोडं मीठ फरशीवर सांडलंय. सत्याग्रही झालेला मुलगा खाली बसतो आणि खडा खडा वेचून परातीत टाकतो. परातीची एक कड ती धरते, दुसरी तो. दोघं मावशींच्या मागून व्हरांड्यातून स्वयंपाकघराकडे जातात.