गिऱ्हाईक विचारतं तेच सांगा

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात राम मारुती रोडवर दुकानांचा थाट दिसतो, पण या शहरातला बराचसा धंदा पाटीविना चालतो. नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर उकडीचे मोदक होतात, वर्तकनगरात ब्लाऊज शिवले जातात, घोडबंदर रोडच्या संकुलांतून मेंदीच्या ऑर्डरी निघतात. मालक, कारागीर, हिशेबनीस आणि पार्सल पोचवणारा, सगळं एकच माणूस. आणि त्याला भेटेल तो सांगतो, रोज एक रील टाक. हा सल्ला देणाऱ्याला बहुधा महिन्याचा पगार असतो.

रील म्हणजे शूटिंग आलं, काटछाट आली, गाणं शोधणं आलं. त्यात सबंध दुपार जाते आणि मशीन बंद राहतं. बरं, ती इंदुरात हजारो लोकांनी पाहिली, तरी माप द्यायला वर्तकनगरात कोण येणार? एकट्याच्या धंद्याला आसपासची चार संकुलं धरून राहिली तरी हातात काम उरतं.

मग टाकायचं काय? गिऱ्हाईक विचारतं ते. ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंचंच घ्या. अस्तर तुमचं की आमचं? हुक पुढे की मागे? फॉल-पिको करता का? आठवडाभर फोनवर जे जे विचारलं जाईल ते मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो पहिला उचला.

समजा तो आहे, ‘ब्लाऊजपीसचा काठ लांब बाहीला पुरेल का?’ याचं उत्तर तोंडी देताना दहा मिनिटं जातात. त्याऐवजी एखादा पीस बेतायला घ्याल तेव्हाच मोबाइल उभा करा. टेबलावर पीस पसरलेला, काठाला बाहीचा कागदी नमुना टेकवलेला, शेजारी टेप. पाठीला आणि पुढच्या भागाला कापड किती उरलं ते बोटाने दाखवा आणि नेहमीच्या आवाजात बोला. मिनिटभर पुरे. चेहरा दिसला नाही तरी चालतं, मागे कुकरची शिट्टी झाली तरी चालतं. काम मात्र खरं हवं, कारण बायका शिवण बघतात, फिल्टर नाही.

आता व्हिडिओचा हा एकच तुकडा ठिकठिकाणी वापरायचा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकाल तर तो 24 तासांत जाईल, म्हणून तिथे थांबू नका. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप 2018 पासून आहे आणि ते फुकट आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये त्याच बेतातला फोटो शिलाईच्या दरासह ठेवा. नेहमीचं उत्तर त्यात एकदा साठवून ठेवता येतं. पुढे तिरकी रेघ आणि तुम्ही ठरवलेला छोटा शब्द टाइप केला की सबंध उत्तर समोर येतं. भाजी चिरता चिरताही गिऱ्हाइकाला जबाब जातो.

एक खोच लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा धाडायच्या सोयीतून, पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पिशवी हातात देतानाच म्हणा, ‘वहिनी, नंबर सेव्ह करा हं.’ आणि सोसायटीच्या ग्रुपवर जपून. तिथे टँकरच्या पैशांवरून जुंपलेली असताना मधेच तुमचा मोदकांचा फोटो आला, तर मोदकांनाही चार बोल ऐकावे लागतात.

दुसरी जागा गूगलच्या नकाशावरची. घरी काम करणाऱ्या बायका तिथे नाव घालायला कचरतात, पत्ता जगजाहीर होईल म्हणून. पण तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेत असाल, मेंदी काढत असाल, एसी दुरुस्त करत असाल, तर घरचा पत्ता न दाखवता फक्त सेवेचा भाग दाखवता येतो: कोपरी, पाचपाखाडी, कोलशेत, जो असेल तो. यालाही पैसे पडत नाहीत. अभिप्राय जरूर मागा, पण ‘चांगलं लिहा, शिलाईत सूट देते’ असं मात्र नको. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि असलं कौतुक वाचणाऱ्याला लगेच कळतंही. लिहिणारीने आपल्या भाषेत ‘बाही घट्ट झाली होती, दुसऱ्या दिवशी सैल करून दिली’ एवढं लिहिलं, तरी नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा ते जास्त बोलतं.

आठवड्याला असा एक तुकडा जमला तरी पुष्कळ. सणाच्या गर्दीत तेवढाही नाही जमला तर सोडून द्या. त्या दिवसांत एकच फोटो टाका: चिठ्ठ्या टाचलेल्या गाठोड्यांनी भरलेलं फडताळ, वर ‘दिवाळीआधीची शिलाई बंद’, आणि खाली बारीक अक्षरात ‘लग्नसराईची मापं भाऊबिजेनंतर’. मग बघा, ‘ताई, माझं नाव आत्ताच लिहून ठेवा’ म्हणून फोन येतात की नाही ते.

नमस्कार.