प्रत करताना राहून गेलेली चूक

श्रोतेहो, नमस्कार. मुलाचे नाक वडिलांवर गेले, डोळे आईवर गेले, असे आपण सहज म्हणतो. परंतु आईकडेही नाही आणि वडिलांकडेही नाही असे काहीतरी प्रत्येक बाळ सोबत घेऊन येते, आणि आज त्याविषयीच, म्हणजे डीएनएमध्ये नव्याने होणाऱ्या बदलांविषयी, बोलायचे आहे.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूची, प्रत तयार होते. ही माहिती अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांत, जणू चार अक्षरांत, लिहिलेली असते. माणसाच्या एका पेशीत, आई-वडिलांचे दोन्ही संच धरून, सुमारे ६ अब्ज अक्षरजोड्या असतात. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन बसवत जाणारे डीएनए पॉलिमरेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) साधारण लाखात एखादे अक्षर चुकवते. कारण या रेणूंतील एखादा हायड्रोजन अणू क्षणभर जागा बदलतो आणि तेवढ्यात चुकीची जोडीही नेमकी जुळते. बहुतेक वेळा विकर मागे सरकून ते अक्षर काढून टाकते. त्यातून निसटलेल्या चुका दुरुस्तीची वेगळी प्रथिने शोधतात. शेवटी अब्ज अक्षरांमागे फार तर एखादी चूक राहते. मला या अचूकतेचे नेहमीच नवल वाटत आले आहे. मात्र दुरुस्तीआधीच पुढची प्रत निघाली, तर चुकलेल्या अक्षरासमोर त्याचा योग्य जोडीदार बसतो, आणि मग ती चूक म्हणून ओळखताच येत नाही. हेच उत्परिवर्तन.

त्वचेच्या पेशीतील असा बदल त्या व्यक्तीबरोबरच संपतो. शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत झालेला बदल मात्र अपत्याच्या प्रत्येक पेशीत उतरू शकतो. नवजात बाळात असे सुमारे ६० ते ७० नवे बदल आढळतात आणि त्यांतील बहुसंख्य वडिलांकडून येतात. स्त्रीच्या अंडपेशींसाठीची डीएनएची प्रत ती स्वतः जन्मण्यापूर्वीच काढून झालेली असते, तर शुक्रपेशी घडवणाऱ्या मूळ पेशी पुरुषाच्या वयाबरोबर विभागतच राहतात. रक्त न गोठण्याच्या हीमोफिलिया या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासावरून आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॅल्डेन यांनी १९४७ मध्येच, असे बदल वडिलांकडून अधिक येतात, असा निष्कर्ष काढला होता. पुढे २०१२ मध्ये आइसलँडमधील कुटुंबांच्या तपासणीत वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे २ बदल वाढत असल्याचे दिसले.

भावंडांमधील बहुतेक फरक जुन्याच जनुकांच्या नव्या जुळणीतून येतो, हे खरे. पण जुळणीसाठी लागणारे ते निरनिराळे पर्यायही कधीकाळी बहुतांशी अशाच बदलांतून निर्माण झाले.

यांतील बहुतेक बदलांचा काहीच परिणाम जाणवत नाही, कारण प्रथिनांची माहिती डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी भागात असते. क्वचित मात्र एकच अक्षर पुरते. हाडांची वाढ खुंटवणाऱ्या अ‍ॅकॉन्ड्रोप्लेसियात एफजीएफआर३ या जनुकातील एक अक्षर बदललेले असते, आणि अशा बहुतेक मुलांचे आई-वडील सामान्य उंचीचे असतात. आमचे काय चुकले, असे ते विचारतात. त्यांच्या खाण्यापिण्यात किंवा वागण्यात काहीही चुकलेले नसते. एका पेशीत प्रत काढली जाताना ते एक अक्षर बदलले, आणि त्यांच्या पुढच्या मुलात तेच पुन्हा घडण्याची शक्यता फारच थोडी असते.