देवाविना सोबत शोधणारे आईबाप आणि आपण आस्तिक

श्रोतेहो,

आजचा विषय आस्तिकाने आस्तिकांपुढे मांडावा असा आहे, आणि मी स्वतः देव मानणारा असल्यामुळेच तो बोलायला घेतला आहे. काही आईबाप देव मानत नाहीत, परंतु आपल्या मुलांभोवती एकत्र बसणारी, गाणारी, अडीअडचणीला धावून येणारी माणसे असावीत असे त्यांना मनापासून वाटते. असे मानवतावादी आईबाप जेव्हा स्वतःची मंडळी जमवू लागतात, तेव्हा आपण श्रद्धावान लोक त्यांना काय उत्तर देतो? अमेरिकेत हा प्रश्न दीडशे वर्षे चर्चिला जात आहे आणि तिथल्या आस्तिकांनी दिलेली उत्तरे नोंदलेली आहेत, म्हणून मी उदाहरणे मुख्यतः तिथली घेणार आहे.

अमेरिकेतील अनेक गावांत, विशेषतः दक्षिणेकडे, नव्या शेजाऱ्याला पहिल्या भेटीतच विचारले जाते, ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ या प्रश्नात खोचकपणा नसतो. बाळंतपण झालेल्या घरी आळीपाळीने जेवण पोचवणे, मुलांची उन्हाळी शिबिरे, घर बदलताना सामान उचलायला येणारे हात, मृत्यूनंतर सोबतीला बसणारी माणसे, हे सगळे तिथे बहुधा चर्चच्या आधाराने चालते. ज्याची श्रद्धा गेली त्याच्या हातून हे सारेच निसटते, आणि मूल होईपर्यंत ते त्याला फारसे जाणवतही नाही. आपल्याकडच्या नास्तिकाला गोतावळा असतो, दिवाळी असते. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाला महाराष्ट्र मंडळ आणि मुलांची मराठी शाळा असते. ज्यांच्याकडे चर्चखेरीज दुसरे काहीच नव्हते, त्यांची गरज आपण या फरकाची जाणीव ठेवून समजून घेतली पाहिजे.

या धडपडीचा आरंभ एका धर्मगुरूच्याच घरात झाला. फेलिक्स ॲडलर हे न्यूयॉर्कच्या टेंपल इमॅन्यु-एल या प्रतिष्ठित ज्यू मंदिराच्या रब्बींचे चिरंजीव. वडिलांची गादी तेच चालवतील अशी अपेक्षा होती. १८७३ साली त्यांनी तिथे दिलेल्या प्रवचनात देवाचा उल्लेखच नव्हता, आणि ते त्या मंदिरातले त्यांचे शेवटचे प्रवचन ठरले. १८७६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एथिकल कल्चर सोसायटी, म्हणजे देवश्रद्धेऐवजी नीतीला केंद्रस्थानी ठेवणारी संस्था, स्थापन केली. पुढच्या चारपाच वर्षांत या संस्थेने गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची सोय केली, गरीब मुलांसाठी विनामूल्य बालवाडी काढली आणि कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. देवाचे नाव सोडले की माणसे सुखासीन होतात, असे म्हणणाऱ्या आस्तिकांना या कामाचा हिशेब द्यावाच लागेल.

यानंतरची दोन उदाहरणे विस्ताराने पाहण्यासारखी आहेत. १९६३ साली डेट्रॉइटच्या एका उपनगरातील काही ज्यू कुटुंबांनी शर्विन वाइन या तरुण रब्बींना सोबत घेऊन बर्मिंगहॅम टेंपल नावाची नवी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समूह, काढली. थोड्याच काळात तिच्या प्रार्थनेतून देवाचे नाव गेले, आणि गावातील धर्मगुरूंकडून तीव्र निषेध झाला. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९६५ साली ‘नास्तिक रब्बी’ या नावाने त्याची दखल घेतली. तो राग मला समजू शकतो. जी प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसून जपली, ती कुणी आपल्याच अंगणात बदलू लागला, तर ते मुकाट्याने पाहणे कठीणच असते.

दुसरे उदाहरण ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराचे. रब्बी घडवणारे हिब्रू युनियन कॉलेज १८७५ साली याच शहरात स्थापन झाले, आणि अमेरिकेतील सुधारणावादी ज्यू परंपरेचे ते माहेरघर मानले जाते. तिथल्या बेथ ॲडम या मंडळीने आपल्या उपासनाक्रमातून देवाला केलेले आवाहन काढून टाकले होते. ‘ईश्वर एक आहे’ असे सांगणारे शमा आणि मृतांसाठी म्हटले जाणारे कद्दीश, हे दोन्ही त्यात नव्हते. सणवार मात्र होते, मुलांचे शिक्षण होते, ज्यू म्हणून एकत्र राहण्याची आच होती. या मंडळीने सुधारणावादी मंदिरांच्या महासंघाकडे सदस्यत्व मागितले. त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद होत होता की, ज्यू असणे हे श्रद्धेइतकेच स्मृती आणि कुळ यांचे नाते आहे, आणि जी परंपरा स्वतःला मोकळी म्हणवते तिने दार उघडेच ठेवले पाहिजे. १९९४ साली मतदान झाले. मोठ्या बहुमताने ती मागणी फेटाळली गेली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. प्रार्थना कोणाला तरी उद्देशून केलेली असते, आणि ‘ज्याला उद्देशून ती आहे तोच आम्हाला वगळायचा आहे’ असे म्हणणाऱ्यांना उपासकांच्या संघाने नकार दिला, तर त्याला असहिष्णुता म्हणता येणार नाही. बेथ ॲडमची मंडळी महासंघाबाहेर राहून चालू राहिली. कोणी तिच्या दाराला कुलूप लावले नाही. आपल्या उपासनेची हद्द आपण आखावी आणि शेजाऱ्याने त्या हद्दीपलीकडे स्वतःचे घर बांधले तर ते त्याला बांधू द्यावे, इतकी समज त्या नकारात होती.

मुलांची सार्वजनिक संस्था जेव्हा हीच हद्द आखते, तेव्हा मात्र माझे मत उलट आहे. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका (२०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’) ही संस्था मुलांना तंबू ठोकायला, गाठी मारायला, प्रथमोपचार करायला शिकवते. देवाप्रति असलेले कर्तव्य मान्य केल्याशिवाय कोणीही उत्तम नागरिक होऊ शकत नाही, असे तिचे जाहीर तत्त्व होते. इलिनॉय राज्यातील एका वडिलांनी त्यावर सही करायला नकार दिला, तेव्हा प्राथमिक शाळेत जाणाऱ्या त्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही. प्रकरण न्यायालयात गेले. सार्वजनिक स्थळांविषयीचा समानतेचा कायदा स्काउट्सना लागू होत नाही, असा निर्णय केंद्रीय अपील न्यायालयाने १९९३ साली दिला. कायद्याने संस्था जिंकली. परंतु त्या मुलाला काय कळले असेल? मित्र जंगलात जाणार, तिथे आपण जायचे नाही, आणि त्याचे कारण देव! देवाचे नाव मुलाच्या मनात रुजवण्याची याहून वाईट रीत मला तरी सुचत नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत स्काउट-गाइडचे वचन म्हटले असेल. आपल्याकडे त्यात ईश्वराऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभा आहे. ब्रिटनमधील स्काउट संघटनेने २०१४ पासून नास्तिकांसाठी वेगळे वचन उपलब्ध करून दिले, आणि देव मानणारी मुले त्यांचे जुने वचन आजही घेतात.

अमेरिकेतील या बंद दाराला उत्तर म्हणून १९९६ साली सिनसिनाटी परिसरातील विवेकवादी मंडळींनीच कॅम्प क्वेस्ट हे उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यात पुढाकार घेणारे एडविन केगिन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे पुत्र. या शिबिरातील एक खेळ प्रसिद्ध आहे. मुलांना सांगितले जाते की, इथे दोन एकशिंगी घोडे राहतात. ते दिसत नाहीत, त्यांचा आवाज येत नाही, त्यांना स्पर्श करता येत नाही आणि ते कसलीही खूण मागे ठेवत नाहीत. ते नाहीत असे जो सिद्ध करील, त्याला शंभर डॉलरची एक जुनी नोट बक्षीस मिळेल, आणि ती नोटही अशी की जिच्यावर देवावरील विश्वासाचे बोधवाक्य छापलेले नाही. मुले तावातावाने वाद घालतात, युक्त्या लढवतात, आणि बक्षीस तसेच राहते. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो, हे त्यांना त्यातून उमगते.

अनेक आस्तिकांना हा खेळ म्हणजे देवाची टवाळी वाटते. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. माझी श्रद्धा कोपऱ्यात लपलेल्या अदृश्य प्राण्याविषयीचा अंदाज नाही. ती आयुष्याला दिलेली दिशा आहे, आणि त्या आईबापांना मी हे समोर बसून सांगेन. परंतु पुरावा मागायला शिकलेले मूल भोंदू बाबाच्या नादी सहसा लागत नाही, हेही मला दिसते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, त्या महाराष्ट्रात पुरावा मागण्याच्या शिक्षणाला देवद्रोह म्हणणे मला अपराध वाटतो.

आणखी एक प्रतिक्रिया अलीकडे ऐकू येते, ती समाधानाची. २०१३ साली लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील एका जुन्या चर्चमध्ये संडे असेंब्ली ही देवाविना भरणारी रविवारची सभा सुरू झाली. गाणी, एखादे भाषण, चहा आणि मुलांची किलबिल, असा तिचा थाट होता. ती झपाट्याने देशोदेशी पसरली आणि काही वर्षांत तिच्या बऱ्याच शाखा बंदही पडल्या. ‘पाहा, देवाविना माणसे टिकत नाहीत,’ असे आपले लोक म्हणाले. टिकणे अवघड असते हे खरे. आठवड्यामागून आठवडे, कंटाळा आला तरी, न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसायला लावणारे बंधन उपासनेत असते, आणि ते नव्याने निर्माण करणे सोपे नाही. पण ज्यांची शाखा बंद पडली त्यांची मुले तर मोठी होतच आहेत. त्यांच्या एकटेपणावर आनंद मानण्याची शिकवण मला कोणत्याही संताकडून मिळालेली नाही.

शेवटी महाराष्ट्राच्या भूमीवरचे एक उदाहरण देतो. आंध्रातील गोपराजु रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे कडवे नास्तिक होते. या मतांपायी त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली होती. आपल्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी करून देण्याचे त्यांनी ठरवले. गांधीजींनी तो सेवाग्राम आश्रमात व्हावा असे सुचवले आणि वधूपिता नास्तिक असल्यामुळे विधीत ईश्वराऐवजी सत्याच्या नावाने शपथ घेण्याचे मान्य केले. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामला झाला. गोरांनी देव मानावा अशी अट गांधीजींनी घातली नाही, आणि रामनाम सोडा असे गोरांनीही त्यांना म्हटले नाही. त्यांचा वाद अखेरपर्यंत मिटला नव्हता, आणि लग्नासाठी तो मिटण्याची वाट कोणी पाहिली नाही.